बाटली हलवायची नाही

धरणाखालच्या वस्तीत ते धरण म्हणजे चेष्टेचा विषय होता. वर्षातले बहुतेक दिवस त्यात पाण्याचा टिपूस नसायचा, आत शेळ्या चरायच्या. बिनपाण्याचं धरण आणि बिनकामाचा राखणदार, असं लोक म्हणायचे. वास्तविक ते रिकामं राहण्यासाठीच बांधलं होतं. मुसळधार पाऊस झाला की वरून येणारा लोंढा त्या मातीच्या बांधाशी अडायचा आणि तळातल्या सदा उघड्या पाईपातून बेताबेतानं ओढ्यात उतरायचा. आधीच भरलेलं असतं तर पुराला जागा कुठून मिळाली असती? पण वस्तीला हे पटवून देता देता राखणदाराचे केस पिकले.

हा राखणदार म्हणजे तिचा सासरा. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी खात्यानं तिलाच नेमलं होतं. सध्या ती त्याच्या हाताखाली काम शिकत होती, आणि शिकता शिकता तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली होती.

कारण होतं नोंदवही. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. ते बांधाच्या पायथ्याशी एका अरुंद चरात येतं. नितळ येतंय तोवर काळजी नाही. गढूळ आलं, तर ते आतली माती पोखरून आणतंय असं समजायचं. सासऱ्याच्या वहीत एकोणीस वर्षं रोज एकच शब्द होता: नितळ. गेले आठ दिवस पाऊस झोडपत होता, धरण निम्म्याच्या वर भरलं होतं, ओढ्याचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं, आणि वहीत आपलं नितळ. इतकं नितळ तर नळालाही येत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला नळाचाच संशय आला.

रोज संध्याकाळी सासरा काठी टेकत बाहेर पडायचा, काचेची बाटली भरून आणायचा आणि चौकीच्या खिडकीत ठेवायचा. सकाळी उजेडात चष्मा पुसून तो ती बघायचा आणि मग लिहायचा. मधल्या वेळात बाटलीला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. एकदा ती खिडकी पुसायला गेली तर तो तिच्या अंगावर खेकसला होता. बाटली हलवायची नाही, ही त्याची काळ्या दगडावरची रेघ. एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात? गुडघे तर कामातून गेलेले. हा माणूस पावसात चरापर्यंतच्या त्र्याऐंशी पायऱ्या उतरतो? चौकीमागचा नळ दहा पावलांवर होता.

बरं, ही नुसती उठाठेव नव्हती. वस्तीतलं सगळ्यांत खालचं, ओढ्याला टेकलेलं घर तिच्या आईचं होतं आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. सासऱ्याच्या त्या एका शब्दावर ती माउली तिथे निर्धास्त पडून होती. तो शब्दच थाप असेल तर? शेवटी भीड बाजूला ठेवून तिनं एका संध्याकाळी नळाची मुख्य चावी बंद केली आणि लांबून सासऱ्याच्या मागे गेली.

तो उतरला. आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा, अशा त्र्याऐंशी पायऱ्या. चराशी खाली बसायला त्याला इतका वेळ लागला की वरून बघताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वर यायच्या आत ती गुपचूप चौकीत परतली.

सकाळी तो चष्मा पुसत होता. बाटलीतून पलीकडचं सगळं स्वच्छ दिसत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, की संध्याकाळी तिथेच बघून का लिहीत नाही?

"तिन्हीसांजेला मला नीट दिसत नाही गं," तो म्हणाला. "चुकीचं लिहिलं जायला नको, म्हणून रात्रभर ठेवतो. सकाळी कसं स्पष्ट कळतं."

तिचं लक्ष बाटलीच्या तळाकडे गेलं. तिथे पिवळसर मातीचा नखभर थर बसला होता. तिनं बाटली उचलली आणि तो अगं अगं करेपर्यंत जोरात हलवली. पाणी क्षणात गढूळ झालं आणि पलीकडची खिडकी दिसेनाशी झाली.

तिनं इंजिनियर साहेबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, गढूळ कधीपासून येतंय? तिनं वही चाळली. वहीत तर रोज नितळच होतं. तेव्हा मागून सासरा हळूच बोलला.

"सहा दिवस. त्याआधी बाटली नुसती विसळली तरी साफ व्हायची. सहा दिवस झाले, काडीला चिंधी बांधून घासावी लागते. काल तर दोनदा घासली."

तिनं ते शब्दन् शब्द फोनवर सांगितलं. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. वस्ती आत्ताच्या आत्ता रिकामी करा, एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत घरं रिकामी झाली. तिच्या आईला चौघांनी खाटेसकट उचलून वरच्या शाळेत नेलं. पाणी फुटत होतं तिथे साहेबांच्या माणसांनी आधी वाळू, मग बारीक खडी, वर मोठी खडी असे थर घातले, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. पाऊस ओसरला, पाईप आपलं काम करत राहिला. चौथ्या दिवशी धरणात कंबरभर पाणी उरलं. धरण फुटलं नाही, म्हणून आपल्याला उगाच पळवलं अशी कुरकुर करत लोक घरी परतले. तिच्या आईनंही शाळेतल्या डासांबद्दल तिला चार शब्द सुनावले.

त्या दिवशी सासरा-सून दोघं मिळून पायऱ्या उतरली. निम्म्यावर तो दम खायला थांबला.

"तुला वाटलं, मी खोटं लिहितो."

"वाटलं होतं, बाबा," ती म्हणाली. तिला खूप वाईट वाटत होतं, पण आता त्याच्याशी खोटं बोलणं तिच्यानं झालं नसतं.

"खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला ठाऊक तरी असतं."

खाली पोचल्यावर त्यानं बाटली भरली, बूच लावलं आणि ज्या बाटलीला एकोणीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, ती दोन्ही हातांनी खळखळ हलवून तिच्यापुढे धरली. तिनं ती आभाळाकडे धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. पाण्यातून आरपार दिसत होतं. तिनं वहीत लिहिलं: नितळ.

त्यानं बाटली परत घेतली आणि पुन्हा हलवली.