गाण्याखेरीज सगळा आवाज

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. अंगाने मूठभर, रंगाने करडा, आणि पोटात सोन्याचा मुलामा दिलेला एक पातळसा पडदा. तुम्ही माझ्यासमोर बोललात की तो पडदा थरथरतो, त्या थरथरीची वीज होते आणि वीज तारेतून पुढे जाते. माझे काम एवढेच. आलेले पुढे द्यायचे, स्वतःजवळ काही ठेवायचे नाही. आयुष्यभर मला या गोष्टीचा अभिमान होता. आता मात्र तिचेच वाईट वाटते.

माझी उमेदीची वर्षे करोल बागेत गेली. कपड्यांच्या एका दुकानावर भजनांच्या कॅसेट भरणारा छोटा स्टुडिओ होता. खिडक्यांना गाद्या ठोकल्या होत्या, तरी खालच्या गिऱ्हाइकांची घासाघीस अधूनमधून वर यायचीच. तिथे मी पुष्कळ गळे ऐकले. पण माझा जीव जडला तो कीर्तनावर. दिल्लीतल्या मराठी मंडळींनी एकदा महाराष्ट्रातून आलेल्या एका बुवांचे कीर्तन तिथे भरून घेतले. बुवा साधेच बोलत होते. बोलता बोलता बोलणे उचलले गेले आणि त्याचे गाणे झाले. गाणे ओसरले तशी गोष्ट पुन्हा चालू लागली. जोड कुठे आहे ते समजेना. देवाचे नाव असे बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून बोलण्यात ये-जा करताना ज्याने ऐकले, त्याला मग दुसरे काही फारसे गोड लागत नाही.

कॅसेट गेल्या, स्टुडिओ बंद पडला. मी एका लाकडी पेटीत वर्षानुवर्षे धूळ खात राहिलो. मग एके दिवशी पेटी उघडली ती थेट नोएडात, एका संशोधन प्रयोगशाळेत. जुना असलो तरी माझा कान स्वच्छ आहे, म्हणून त्यांनी मला विकत घेतले होते.

मित्रांनो, त्या जागेत काय काय चालते ते पाहून मी थक्क झालो. एका खोलीत कॅमेरा माणसाच्या नुसत्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखायला शिकत होता. दुसऱ्या खोलीत, हात लुळा पडलेल्या एका बाईंच्या मनगटावर पट्टी बांधली होती. त्या बोट हलवण्याचा नुसता प्रयत्न करत आणि पडद्यावर अक्षर उमटे. आमच्या खोलीत आवाजाचे काम होते. पूर्वी यंत्र बोलायचे ते ध्वनीचे तुकडे जोडून, खडखडत. आता यंत्र माणसाच्या बोलण्याची लकबच शिकते. कुठे तो श्वास घेतो, कुठल्या शब्दावर जोर देतो, कुठे अडखळतो. एकदा लकब शिकले की जे वाक्य त्या माणसाने उभ्या जन्मात उच्चारले नाही, तेही यंत्र त्याच्याच आवाजात बोलते. ज्यांचा आवाज आजाराने जाणार आहे अशी माणसे आमच्याकडे येत आणि जाण्याआधी आवाज ठेवून जात. मला वाटे, करोल बागेपेक्षाही इथे माझ्या हातून मोठे पुण्य घडते आहे.

हे काम निधी पाहत असे. मुलगी मयूर विहारची, हुशार आणि मायाळू, सदा घाईत. एके सकाळी ती आपल्या मावशीला घेऊन आली. मावशीचे नाव कौशल्या, आणि ती कीर्तनकार होती. यजमान विश्वनाथराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरीमुळे दोघे तरुणपणी दिल्लीला आले, ते इथलेच झाले. मयूर विहारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, करोल बागेच्या मंडळात, कुठे गणपतीला, कुठे रामनवमीला कौशल्याताई उभ्या राहत. दिल्लीत वाढलेली मुले पुढे बसत. शबरीची उष्टी बोरे आली की ताई मध्येच वाकून सांगत, "उष्टी म्हणजे जूठी, बेटा," आणि त्याच श्वासात पद उचलत.

आता त्यांच्या घशात कर्करोग निघाला होता. स्वरयंत्र काढावे लागणार होते. तारीख ठरली होती आणि दिवस थोडे होते.

विश्वनाथराव बरोबर आले होते. मनातले लपवायला ते सारखी थट्टा करत होते. यंत्राला आवाज कमी करायचे बटण असते का, असे त्यांनी विचारले. "इतकी वर्षं मी तेच शोधतोय, निधी."

"बटण असलं तरी ते माझ्याच हातात राहील, अहो," ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांना बरे वाटले.

मग त्या माझ्यासमोर बसल्या. वाचायची वाक्ये समोरच्या पडद्यावर येत. उद्या आकाश निरभ्र राहील. पुढच्या चौकात डावीकडे वळा. भाषेतले सगळे ध्वनी त्यांत यावेत म्हणून ती वाक्ये मुद्दाम तशी रचलेली असतात. पण ताईंनी "डावीकडे वळा" असे काही म्हटले, की जणू साक्षात रामरायच वनाची वाट धरून निघाले. निधीचा सहकारी अर्णव काचेपलीकडे हसू लागला.

"काकू, तुम्ही असं सांगितलंत तर ड्रायव्हर वळायच्या आधी हात जोडेल. सपाट वाचा ना प्लीज. बिल्कुल सपाट."

ताईंनी ओशाळून मान डोलावली. गळ्याला सवय आहे रे, म्हणाल्या. मग त्या जपून, धरून धरून वाचू लागल्या. जिथे सूर लागे ते वाक्य अर्णव पुसून टाके आणि पुन्हा वाचून घेई. त्याचेही खरे होते. बोलणे शिकणाऱ्या यंत्राला मधूनच गाणे ऐकवले तर ते गोंधळते. पण मित्रांनो, त्या पुसलेल्या वाक्यांत होता तसल्या सुराची सवय मला करोल बागेपासून होती. ताईंचा खरा आवाज त्यांतच होता.

शेवटच्या दिवशी वाक्ये संपली. ताईंनी चष्मा पुसला आणि जरा भीत भीत विचारले, "निधी, थोडं गाऊ का गं? एखादं पद?"

निधीचे लक्ष घड्याळाकडे होते. पुढच्या माणसाची वेळ झाली होती, अर्णव फाइली तपासत होता, रुग्णालयातूनही फोन येत होता. "मावशी, गाण्याचं मॉडेल वेगळं असतं गं," ती म्हणाली. "ऑपरेशन होऊ दे, मग निवांत बघू."

"बरं," ताई म्हणाल्या.

आवाज तर ऑपरेशनातच जाणार होता. वेड्यासारखे वाटते ना? पण खोलीतल्या एकालाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. घरात आपण रोज असेच तर बोलत असतो. निधी गाडी बोलवायला बाहेर गेली. अर्णवने रेकॉर्डिंग बंद केले आणि तोही गेला. दार लागले.

ताई एकट्या बसल्या होत्या. समोर मी. त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

ते पद मी तुम्हाला सांगू शकत नाही. आवाज आजाराने खरखरीत झाला होता, वरचा सूर फाटत होता, तरी त्या प्रत्येक ओळीपाशी परत येऊन तिला पुन्हा कुरवाळत होत्या. माझा पडदा थरथरला. त्याची वीज झाली, तारेतून पुढे गेली. तारेच्या दुसऱ्या टोकाला ती ठेवून घ्यायला कुणी नव्हते.

ऑपरेशन नीट पार पडले. काही आठवड्यांनी ताईंना एक टॅब्लेट दिला गेला. बोटाने लिहायचे आणि यंत्राने बोलायचे. टॅब्लेटचा ताईंच्या घरातला पहिला दिवस निधीने अर्णवला सांगितला, तो मी ऐकला. ताईंनी पहिले वाक्य लिहिले, "अहो, चहा होतोय का आज?" आणि खोलीत कौशल्याताईंचा आवाज उमटला. विश्वनाथराव स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याकडे तोंड करून उभे राहिले. सांगताना निधीचे डोळे भरून आले होते. तिच्या शोधनिबंधाचे कौतुक झाले, प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. माझ्यावरची धूळही त्या दिवशी कुणीतरी फुंकली.

मग ताईंनी कळवले की त्या रामनवमीला कीर्तन करणार. लिहून तयार आहे, यंत्र म्हणेल. निधीला फार आनंद झाला. ती धरून चालली की गोष्ट यंत्र सांगेल आणि पदे साथीला असलेल्या बायका म्हणतील. मॉडेलचे बोलणे न उमगलेल्या ताई धरून चालल्या की यंत्रात आपला आवाज आहे, म्हणजे गाणेही असणारच. एकमेकींना विचारायचे दोघींनाही सुचले नाही.

कार्यक्रम नीट भरून घ्यायचा म्हणून मलाही मयूर विहारला नेले. सोसायटीचा हॉल गच्च भरला होता. ताई हिरव्या लुगड्यात, गळ्याभोवती पांढरा मऊ रुमाल, हातात चिपळ्या. बाजाच्या पेटीवर त्यांच्या साथीच्या मीनाक्षीताई. यंत्र बोलू लागले तसे लोक पुढे सरकले. तोच आवाज, तीच हळूच कोपरखळी. "उष्टी म्हणजे जूठी, बेटा," असेही यंत्र म्हणाले, आणि मुले खुदकन हसली.

मग पदाची जागा आली. मीनाक्षीताईंनी सूर धरला. तबल्याने ठेका दिला. ताईंनी चिपळ्या उचलल्या, डोळे मिटले, आणि यंत्राने ते पद वाचले. पुढच्या चौकात डावीकडे वळा म्हणावे, तसेच सपाट. पहिली ओळ. दुसरी ओळ. पूर्णविराम.

तबला गडबडून थांबला. पेटीचा सूर नुसताच लांबत राहिला. मागे एक मूल हसले, त्याला आईने दटावले. ताईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवघरात दिवा लावायला जावे आणि देव जागेवर नसावेत, तसे ते पाहणे होते. त्यांनी यंत्र थांबवले, चिपळ्या चौरंगावर ठेवल्या आणि बोटाने काही लिहिले.

"पुढची गोष्ट ऐका," यंत्र म्हणाले.

गोष्ट पूर्ण झाली. आरती झाली, सुंठवडा वाटला गेला. विज्ञानाची कमाल आहे, असे जाता जाता सगळे निधीला सांगत होते. ती कोपऱ्यात माझी तार गुंडाळत होती आणि गुंडाळलेली तार पुन्हा सोडत होती.

दुसऱ्याच दिवशी तिने शोध सुरू केला. पुसलेली वाक्ये जागा वाचवण्यासाठी कायमची गेली होती. मग तिने ओळखीच्या सगळ्यांकडे कीर्तनाचे व्हिडिओ मागितले. आले, पण दोन-चार क्षणांचे. त्यांतही जो तो आपल्याच मुलाचा चेहरा टिपत होता. पूर्ण कीर्तन कुणाकडेच नव्हते. ताईच कुणाला भरू देत नसत. कीर्तन समोर बसून ऐकायचे असते, खिशात घालून न्यायचे नसते, असे त्या म्हणत. जे सापडले त्यातून अर्णवने पेटी आणि झांजा वेगळ्या काढायची शिकस्त केली. नवी तंत्रे त्यात पटाईत आहेत. पण झांजांबरोबर ताईंचा अर्धा गळाही निघून गेला, आणि जे उरले ते विहिरीतून आल्यासारखे लागले. निधीने ते एकदा ऐकले आणि बंद केले.

शेवटी तिने मावशीला बोलावून माझ्यासमोर बसवले.

"तू विचारलं होतंस मला," ती म्हणाली. "आणि मी घड्याळ बघत होते."

ताईंनी तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने लिहायला त्यांना वेळ लागला. मग यंत्र म्हणाले, "मी इथे गायले होते गं. तुम्ही बाहेर गेल्यावर. देवाने ऐकलंय. बास."

निधीने माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे माणसांनी माझ्याकडे पाहिले ते बोलण्यासाठी. त्या दिवशी ती माझ्याकडून काही मागत होती. माझ्याजवळ देण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर आमच्या खोलीची रीत बदलली. कुणी आवाज ठेवायला आले की वाक्ये नंतर. आधी निधी विचारते, तुमचं काय जपायचं? गणिताचे एक शिक्षक म्हणाले, माझे हसणे ठेवा, नातीला आवडते. पण हस म्हटल्यावर कुणाला हसू येते? निधी अख्खी दुपार त्यांना फालतू विनोद सांगत बसली. अर्णवने पुढची सगळी कामे पुढे ढकलली.

मित्रांनो, आता माझेही दिवस भरत आले. तांदळाच्या दाण्याएवढे मायक्रोफोन निघाले आहेत, आणि ते माझ्याइतकेच चांगले ऐकतात. मी पुन्हा पेटीत जाईन. त्याचे मला दुःख नाही. जाताना एवढेच मागतो. यंत्रे रोज नवी येतील, आणि त्यांना सांगाल ते ती जपतील. पण काय जपायचे ते यंत्राला ठाऊक नसते. ते ज्याचे त्यालाच विचारावे लागते, आणि तो माणूस समोर असतानाच. घरात कुणी देवापुढे गुणगुणत असेल तर हातातले काम ठेवा आणि शेजारी जाऊन बसा. सूर चुकला तरी चालेल, मागून कुणी बोलावत असले तरी चालेल.

कौशल्याताई अजून कीर्तन करतात. गोष्ट यंत्र सांगते. पदाची जागा आली की त्या यंत्र बंद करतात, मीनाक्षीताई एकट्या पेटी वाजवतात आणि ताई ओठ हलवत उभ्या राहतात. निधी मला त्यांच्या अगदी समोर ठेवते. मी कान टवकारून ऐकतो. पेटी येते, पंख्याची घरघर येते, विश्वनाथरावांचे नाक ओढणे येते. ताईंचे काहीच येत नाही.