लाभ, दोन, तीन

रतनबाईच्या पाठीमागे उभा राहून गौरव कान देऊन ऐकत होता. पुढे टेबलावर गुलाबाची गड्डी बांधताना ती पुटपुटत होती.

"लाभ, दोन, तीन, चार..."

"सापडलं!" गौरव ओरडला. पॅकिंग शेडमधल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या.

इंदुरीजवळच्या या शेडवर सुपरवायझर होऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. परवाच्या मालातल्या तीस गड्ड्यांत विसाऐवजी एकोणीसच फुलं निघाल्याची मेल सकाळीच परदेशातून आली होती. तेव्हापासून स्वारी चूक कोणाची ते हुडकत फिरत होती.

"मावशी, तुम्ही एक गाळून थेट दोनवर जाता. मग एकोणीसच भरणार!"

"लाभ म्हंजीच येक, सर. खळ्यावर भात मापताना पयल्या मापाला आमी येक न्हाई म्हणत, लाभ म्हणतो. त्येच तोंडात बसलंय."

"हे खळं नाही. उद्यापासून तुम्ही पानं काढायला बसा."

पानं काढायला नव्या पोरी बसत. रतनबाई अकरा वर्षं या टेबलावर होती. तिला हे फार लागलं, पण तिचा आवाज चढला नाही. बांधलेली गड्डी तिने त्याच्यापुढे सरकवली.

"मोजा."

गौरवने मोजली. वीस. दुसरी गड्डी उघडून मोजली. तीही वीस.

मेलच्या उत्तरासाठी ऑफिसातली उझमा लॅपटॉप घेऊन दारात उभी होती. तिचे आजोबा नूरमहंमद वडगावात धान्याचा व्यापार करायचे, त्यामुळे लाभ तिच्या कानाला नवा नव्हता.

"सर, 'वर्कर मिसकाउंटेड' असं तुम्ही सांगितलंत. तेच पाठवू?"

"थांब जरा."

"आता तुमी येक बांधा की," रतनबाई म्हणाली. "परवा घाई होती तवा तुमीबी बसलावता आमच्यासंगं."

एवढ्या बायकांसमोर नाही कसं म्हणणार? गौरव बसला. त्याने गड्डीभोवती गुंडाळायचा पुठ्ठा ओढून समोर ठेवला आणि ऐटीत म्हणाला, "एक." मग पहिला गुलाब उचलला. "दोन."

कोणीतरी पदर तोंडाला लावला. त्याचं लक्ष नव्हतं. वीस म्हणून त्याने रबर चढवलं. रतनबाईने गड्डी हातात नुसती तोलली.

"एकोनीस."

"न मोजता?"

"तुमी पुठ्ठ्यालाबी मोजलंय, सर."

गौरवने रबर काढलं आणि फुलं दोनदा मोजली. कान लाल झाले होते. परवा आपण किती गड्ड्या बांधल्या होत्या, हे त्याला आता पक्कं आठवत होतं.

"उझमा, 'वर्कर' खोड. सुपरवायझर लिही."

"मिसकाउंटेड तसंच ठेवू?"

"ठेव."

"काय गं त्ये मिस?" रतनबाईने विचारलं.

"मावशी, इंग्रजीत चुकलं की शब्दाच्या आधी मिस लावतात. मोजण्यात चुकलं तर मिसकाउंट."

"आन् मान्साला वळखण्यात चुकलं तर?"

उझमाने गौरवकडे पाहिलं. उत्तर तिला येत होतं, पण तिने ते त्याच्यावर सोडलं.

"मिसजज," गौरव हळूच म्हणाला. "मावशी, तेही लिहायला सांगतो."

"नगं. त्ये हितल्या हितं ऱ्हाऊ द्या. त्या परदेशातल्या मान्साला काय करायचंय?" रतनबाईने टेबलावरचा पुठ्ठा स्वतःकडे ओढला. "म्या उद्या कुटं बसायचं, तेवढं सांगा."

गौरव उठला. रिकामं स्टूल त्याने फडक्याने पुसलं आणि तिच्या टेबलाशी, अगदी शेजारी लावलं.

"तुम्ही हितंच," तो म्हणाला. नकळत त्याच्याही तोंडात हितं आलं होतं. "आणि उद्या सकाळी मीही हितंच, लाभपासून मोजायला."