करडीचं तेल

मुक्ताबाईंनी तो पांढरा कपडा साबण लावून दगडावर असा काही आपटला, की डागाची राहायची बिशाद नव्हती. पिळला, झटकला आणि वसतिगृहाच्या अंगणातल्या तारेवर वाळत घातला.

काल मांडवात बिशपांनी त्रिभुवन सरांच्या तळहातांना तेल लावून याच कपड्यानं हात बांधले होते. सरांची फादर होण्याची गुरुदीक्षा आटोपली, तसे ते गर्दीतून वाट काढत थेट शेवटच्या रांगेत आले आणि कपडा मुक्ताबाईंच्या हातात देऊन गेले. बोलायला सवड कुठली! माणसं आशीर्वादासाठी खोळंबली होती. मुक्ताबाईंना वाटलं, धुवायलाच दिला. सरांचे शाईनं माखलेले सदरे इतकी वर्षं त्याच तर धूत आल्या होत्या.

जुन्या मराठी पोथ्यांचा एवढा मोठा अभ्यासक, लांबलांबून माणसं एकेक शब्द विचारायला यायची. पण लग्न केलं नाही. कॉलेजचा पगार तलवाड्यातल्या ऊसतोड्यांच्या लेकी या वसतिगृहात सांभाळण्यात आणि शिकवण्यात घातला. आणि साठीला टेकल्यावर म्हणे, फादर व्हायचंय!

"साठी बुद्धी नाठी, सर," मुक्ताबाई तेव्हा तोंडावर म्हणाल्या होत्या. सर हसले आणि पुण्याला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले.

आता आज ते धारूरकडच्या चर्चला कायमचे निघायचे होते. मुक्ताबाईंचा जीव त्यानंच थाऱ्यावर नव्हता. नवरा, आश्रुबा, केव्हाच गेला. पोटी लेकरू नाही. सरांना हातची भाकरी घातली, वेळेला रागावल्या, तापात उशाशी बसल्या. पण नातं काय, तर स्वयंपाकीणबाई. उद्यापासून तेवढंही उरणार नव्हतं.

"अगं बाई! मावशी, हे तुम्ही धुतलं?"

वसतिगृह आता सांभाळणाऱ्या सिस्टर योगिता तारेपाशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"मंग? तेलकट हुतं की."

"पवित्र तेल होतं ते! नव्या फादरनं हा कपडा आपल्या आईला द्यायचा असतो. आई गेली की तिच्या हातात ठेवून पुरतात."

"त्यांची आई तर ते ल्हान असतानाच गेली."

"म्हणून तर तुम्हाला दिला ना!"

मुक्ताबाईंनी तारेवरचा ओला कपडा चाचपून पाहिला. आई म्हणून दिलं आणि आपण मेलं साबणानं धुऊन टाकलं! त्यांना रडूच फुटलं.

सर न्याहारीला आले तेव्हा त्यांनी डोळे पुसून ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, वर करडीच्या तेलाची सढळ धार. मान वर केली नाही.

"चुकलं माजं, सर. धुतला मी त्यो."

सरांनी तारेकडे पाहिलं.

"डाग गेला?"

"समदा."

"तुमच्या हातून राहतोय कुठला!"

"हसू नका. अन् आमी बुद्धाची मानसं. आमाला पुरत न्हाईत, जाळतेत. मला कावून दिला?"

"मग दुसऱ्या कुणाला देऊ?"

मुक्ताबाईंनी आणखी एक भाकरी वाढली. नको म्हणता म्हणता सरांनी तीही संपवली. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. सर उठले, पण नळाकडे वळले नाहीत. तारेवरचा कपडा ओढला आणि दोन्ही हातांची चटणी, तेल, सगळं त्याला निवांत पुसलं.

"फादर!" सिस्टर ओरडल्या.

सरांनी कपड्याची घडी घातली आणि मुक्ताबाईंच्या हातात दिली.

"आता धुऊ नका."

एवढं बोलून ते जीपमध्ये बसले. मुक्ताबाई घडीवरच्या पिवळट डागाकडे बघत राहिल्या.

"मावशी, आता ह्याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी? जाळताना माज्या हातात ठिवा. ध्यानात राहू द्या."

जीप हलली, तशा त्या पदर सावरत फाटकापर्यंत धावल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सरांना एकदाही अरे म्हटलं नव्हतं.

"वक्तशीर जेव रे!" त्या ओरडल्या. "अन् पोचलास की फोन कर!"

सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.