मी ओदिलच्या घरचा मानू

मित्रांनो, मी एक जुना मानू आहे. नावाला हसू नका. आमच्या बेटावरच्या न्यूमेआ शहरात शेंबड्या पोरालाही मानू माहीत असतो. लांबरुंद सुती कापड, त्यावर ही मोठाली फुलं, आणि काठाला शिवण नाही. माझ्यावर लाल जास्वंदी आहेत. आता त्या विटून गुलाबी झाल्यात, पण एके काळी मी चटईवर पडलो की बाकीच्या मानूंकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात. पण मग माझी करणार कोण?

कुठल्या गिरणीत विणला गेलो ते मला आठवत नाही. आठवतं ते बंदराजवळच्या गल्लीतलं कापडाचं दुकान. तिथल्या बाईने मला ताग्यावरून मापून कापलं. कात्री मला लागली ती तेवढीच. तिचं नाव काढलं तरी अजून माझे धागे सुटायला लागतात. झगे शिवायला नेलेली माझ्या ताग्यातली भावंडं चार धुण्यांत पोतेरी होऊन गेली. माझं नशीब थोर, मी रीतीसाठी विकला गेलो.

आमच्याकडे कोणाच्या घरी पाऊल टाकायचं तर आधी दारात थांबावं लागतं. मान खाली घालायची, मानू चटईवर ठेवायचा आणि दोन शब्द बोलायचे, आपण कोणाच्या घरचे आणि कशासाठी आलो. घरच्या वडीलधाऱ्याने मानूवर हात ठेवला की तुम्ही आत. मग तोच मानू पुढे दुसऱ्या दारात जातो. असा मी बारशांना गेलो, लग्नांना गेलो, मयतालाही गेलो. किती मोठमोठी माणसं माझ्यापुढे मान खाली घालून उभी राहिली म्हणून सांगू! शेवटी फिरत फिरत मी ओदिलच्या कपाटात आलो.

ओदिल न्यूमेआत शहर बस चालवायची. नवरा निकेलच्या खाणीवर, आठवड्याने घरी येणारा. पदरात एली नावाचं तान्हं बाळ. बाई मोठी खमकी! भर चौकात आडव्या आलेल्या मोटारवाल्याला अशी काही सुनवायची की तो बापडा खिडकीची काच वर करायचा. पण रात्रंदिवस तिला एक सल होता. एलीच्या कानात मामाची फुंकर पडलेली नव्हती.

आमच्यात बाळाचं रक्त आईकडून येतं आणि श्वास मामाकडून. मामा येतो, बाळाच्या कानात हळूच फुंकर घालतो, तेव्हा ते पोर आपल्या माणसांत आलं असं धरतात. ओदिलला सख्खा भाऊ होता. फिर्मां त्याचं नाव. डोंगरापलीकडच्या वाडीत राहायचा आणि वाडीचा कारभार बघायचा. पण त्यांचे वडील वारले तेव्हा ओदिल शहरातून धावत आली आणि दारात न थांबता, रीत न करता, थेट वडिलांच्या उशाशी जाऊन बसली. फिर्मां सगळ्यांदेखत म्हणाला, "शहरात राहून दारात थांबायला विसरलीस?" ओदिल उसळली, "माझाच बाप! मी कसली परवानगी मागू?" झालं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. तो म्हणे तिने यावं, ती म्हणे त्याने यावं. आणि मधे ते लेकरू! बाळाला साधी सर्दी झाली तरी ओदिल त्याला छातीशी धरून खिडकीत बसायची आणि डोंगराच्या दिशेने बघत राहायची. मला फार वाईट वाटायचं हो.

अशा घरात ब्रायनी आली. ऑस्ट्रेलियातल्या टुवुम्बा गावची पोरगी. तिच्या विद्यापीठाने तिला एका सत्रासाठी आमच्या विद्यापीठात शिकायला पाठवलं होतं आणि ओदिलने तिला एक खोली दिली होती. पहिल्याच दिवशी ओदिलने मला कपाटातून काढून तिच्या हातात ठेवलं. "तू आमच्या घरात आलीस, त्याचा हा मानू." पोरीने मला गालाला लावलं आणि पलंगासमोर खुंटीवर टांगलं. मला तर ती तिथेच आवडली.

आमच्याकडे सगळे बोलतात ते फ्रेंच तिला वाचता यायचं, लिहिता यायचं. बोलायचं म्हटलं की मात्र दातखीळ! वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. पाव आणायला गेली तर मागच्यांना पुढे जाऊ द्यायची आणि हात हलवत परत यायची.

"अगं, तू रांगेत उभी होतीस की दुकानाची राखण करत होतीस?" ओदिल म्हणायची.

हरवली तर निदान घरी यावी म्हणून ओदिलने तिच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. "मी ओदिलच्या घरची." उठता बसता तेच. बसमध्ये चढताना तेच, पाववाल्याकडे तेच. पाववाला तर तिला बघितलं की आपणच म्हणायचा, "ओदिलच्या घरची ना? हा घे पाव." पण पोरीची चिकाटी बघा. रोज संध्याकाळी एलीला मांडीवर घेऊन त्याच्याशी तोडकंमोडकं बोलत बसायची. चूक झाली तरी ते हसायचं नाही ना!

तिच्या वर्गात इस्माएल म्हणून एक मुलगा होता. एक नंबरचा टवाळ. तो नेमका फिर्मांच्या वाडीचा. सुट्टी लागली तशी तो ओदिलच्या घरी येऊन म्हणाला, "ए कांगारू, चल आमच्या वाडीला. केळीच्या पानात शिजवलेलं कोनफळ आणि कोंबडी खाल्लीस तर टुवुम्बाचं नाव काढणार नाहीस. पण फिर्मांमामापुढे रीत तुलाच करावी लागेल हं. पाहुण्याने स्वतः बोलायचं असतं."

ब्रायनीचा चेहरा पांढराफटक पडला. वाडीचं नाव ऐकून ओदिलचाही पडला. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "जा की. मी कशाला अडवू? सांग, ऑस्ट्रेलियाहून आले, तुमची वाडी बघायला आले. माझं नाव मात्र तिथे काढायचं नाही."

"आणि मानू?" ब्रायनीने विचारलं. "मी हाच नेते. मला हाच आवडतो."

ओदिलने मला खुंटीवरून काढलं आणि इस्त्री करायला घेतलं. काठ जुळवले, सुरकुती अन् सुरकुती मोडली. आणि मधेच तिचा हात थांबला. बाई खिडकीबाहेर बघते आहे आणि इस्त्री माझ्या अंगावर! जास्वंदीची एक पाकळी करपून तपकिरी झाली तेव्हा कुठे ती भानावर आली. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे.

वाडीत पोचलो तेव्हा मोठ्या झोपडीपुढे चटई अंथरलेली होती. फिर्मां उभा होता, दांडगा, पिकल्या दाढीचा. शेजारी म्हातारी आत्या आणि वाडीची माणसं. ब्रायनीने मान खाली घातली आणि मला चटईवर ठेवलं. गाडीत सगळा रस्ता घोकलेलं वाक्य तिने सुरू केलं, "मी..." आणि गाडी अडली. पुन्हा "मी..." इस्माएल मागून कुजबुजला, "ऑस्ट्रेलियाहून!" पण पोरीच्या कानांत काही शिरेचना. मग तिला जे एकच वाक्य झोपेतही येत होतं, ते तोंडातून बाहेर पडलं.

"मी ओदिलच्या घरची."

मित्रांनो, वाडीत कोंबडीसुद्धा ओरडली नाही. ही साधी चूक नव्हती. रीतीत ज्या घराचं नाव घ्याल त्या घराच्या वतीने तुम्ही बोलता. पाहुणीला तो हक्क नसतो. जी रीत ओदिलने अडवून धरली होती, ती या परक्या पोरीने तिच्या नावाने चटईवर ठेवून दिली होती!

इस्माएलची थट्टा कुठल्या कुठे पळाली. "मामा, चुकलं तिचं. परदेशी आहे. मी पुन्हा बोलायला लावतो."

"थांब," फिर्मां म्हणाला. "चुकलं असेल. पण चटईवर ठेवलेला शब्द परत उचलता येत नाही."

तो खाली वाकला. मी श्वास रोखला. त्याने हात ठेवला तर भांडण मिटलं. नाही ठेवला तर त्या घराचं नाव वाडीतून कायमचं पुसलं. जन्मात मी एवढा कधी घाबरलो नव्हतो, कात्रीलासुद्धा नाही. त्याचं बोट माझ्या करपलेल्या पाकळीपाशी आलं आणि थांबलं.

"ही इस्त्री कोणी केली?"

"ओदिलताईने," ब्रायनी पुटपुटली.

फिर्मांची दाढी हलू लागली. मला वाटलं हा चिडला. पण तो हसत होता, आणि डोळे भरून आले होते. "माझा शाळेचा सदरा असाच जाळायची. आईचा मार मी खायचो. अजून सुधारली नाही बया!" असं म्हणून त्याने आपला रुंद पंजा माझ्यावर ठेवला.

आत्या लगेच कडाडली, "मग आता तिच्या वाटणीचं कोनफळ तरी तिला दे! दर हंगामाला बहिणीसाठी पहिलं काढून ठेवतोस आणि कुजवतोस. मला काय दिसत नाही?"

परतताना इस्माएलच्या गाडीत कोनफळं होती, मी होतो आणि पुढच्या सीटवर पाय आखडून बसलेला फिर्मां होता. ओदिलच्या घराचं दार उघडंच होतं, तरी तो उंबऱ्याबाहेर थांबला. त्याने मला खाली ठेवलं. आतून ओदिल आली. तिने खांद्यावरचा मानू काढला, माझ्यावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाली, "बाबांच्या वेळचा राहिला होता, दादा."

फिर्मांने दोन्ही मानूंवर हात ठेवला. "मीही त्या दिवशी चारचौघांत बोलायला नको होतं," तो म्हणाला. मग ब्रायनीने आतून आणलेल्या एलीला त्याने घेतलं, कानाशी तोंड नेलं आणि हळूच फुंकर घातली. एलीला गुदगुल्या झाल्या. ते खिदळलं आणि मामाची दाढी धरून ओढायला लागलं. ओदिल हमसून हमसून रडत होती आणि हसतही होती. आणि ब्रायनी? ती घाबरून विचारत होती, "मी फार मोठी चूक केली का?"

"फार मोठी," ओदिलने तिला जवळ ओढलं. "अशा अजून दोन-चार कर."

त्यानंतर पोरीची जीभ सुटली ती सुटलीच. पाववाल्याशी घासाघीस करायला लागली! सत्र संपलं तेव्हा निरोपाला फिर्मां वाडीहून आला आणि त्याने मला पुन्हा तिच्याच ओंजळीत ठेवलं. "हा मानू रस्ता शिकलाय," तो म्हणाला. "घेऊन जा."

असा मी समुद्र ओलांडून टुवुम्बाला आलो. घरापुढे गाडी थांबली. ब्रायनीची आई हात पसरून धावत दारात आली. पण ब्रायनी उंबऱ्याबाहेर थांबली. तिने मान खाली घातली, मला पायपुसण्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "आई, मी ओदिलच्या घरून आले. आत येऊ का?"

"अगं वेडे, तुझंच घर ना हे? विचारतेस काय?"

"आपल्याच घरी तर विचारायचं राहून जातं, आई."

आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण ती खाली बसली, आणि तिने माझ्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आता मी त्या घरातल्या एका खुर्चीच्या पाठीवर असतो. उन्हाने विटत चाललोय. लोक म्हणतात, जुनं झालंय, कापून फडकी करा. ब्रायनी करू देत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल. त्याला कात्री लावू नका, पेटीत डांबूनही ठेवू नका. एखाद्या दारात तुमचंही काही बोलायचं राहिलं असेल. त्याला घेऊन जा, आणि इस्त्री जरा जपून करा.