चौघींत ओढत होते मी एकटीच

मी निळी केबल बोलतेय. होय, गोरेगावच्या परीक्षा केंद्राच्या गेटाला गाठ मारून बांधलीय ना, तीच! हसू नका. अंगाची आग झालीय माझ्या.

महिन्यापूर्वी मी आत होते. आतल्या खोलीत परीक्षेचा सर्व्हर, बाहेर साठ कॉम्प्युटर आणि मधे मी. पेपर उघडायला उशीर झाला की मालक हरिचंद म्हणायचा, "आनखी एक वायर टाक." चढावर गाडी अडली की दुसरी बैलजोडी जुंपायची, तीच ही रीत. असं करता करता आम्ही चौघी झालो. चौघी मिळून एकच मोठी वाट.

पण वाटणी? केंद्राचं तांत्रिक काम बघणाऱ्या धम्मदीपनं नियम लावला: माल कुणाकडून आला ते बघून केबल ठरवायची. अरे शहाण्या, सगळे पेपर त्या एकाच सर्व्हरकडून येतात! मग सगळे माझ्याच माथी. बाकीच्या तिघी खुशाल लोळत होत्या.

नर्सभरतीच्या परीक्षेला साठ जणींचे पेपर, चित्रफितींसकट, एकदम सुटले. सगळ्यांना एकटी ओढता ओढता मी धापा टाकू लागले. आम्हा चौघींची टोकं नि त्यांचे दिवे असलेल्या कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाजवळ बसलेल्या आकांक्षाच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं, घड्याळ मात्र पळत होतं. वयाच्या अटीमुळं तिची ही शेवटची परीक्षा.

"केबलच सडकी हाय!" हरिचंद गरजला आणि त्यानं मला हिसकून काढलं. माझी क्लिप मोडली. सगळा भार दुसरीवर गेला, तीही तशीच धापा टाकू लागली.

आकांक्षानं कपाटात बघितलं. "सर, एकच दिवा लुकलुक करून राहिला. बाकीचे काहून गप हायत?"

धम्मदीपनं कपाळावर हात मारला. कुणाकडून आला आणि कुणाकडं चालला, दोन्ही बघून वाटायचं, असा नियम त्यानं केला. साठ जणी साठ ठिकाणी, म्हणून भार उरलेल्या तिघींत वाटला गेला आणि लगेच पेपर उघडले. पण वीस मिनिटं गेली ती गेलीच.

दोन गुणांनी नाव हुकलं तिचं. आज ती वेळ वाया गेल्याचा दाखला मागायला आली होती.

"केबल सडकी व्हती, असं लिहून देतो," हरिचंद म्हणाला. "केंद्राचा दोष न्हाई."

"केबल चांगली व्हती, काका. तुमी समदं तिच्या एकटीवर टाकलं. तसं लिहा."

त्यानं लिहिलं नाही. पोरगी गेटाबाहेर अजून उभी आहे. अरे, लिही की! साक्षीदार हवा असेल तर लांब जायला नको. तुझ्याच गेटाला बांधलाय तू.