नखं वाचणारा कोच

पहिल्या तीस मिनिटांत पाइन लेव्ही कॉलेजवर चोवीस गुण चढले, आणि वर्ल टगलचा जबडा जो खाली आला तो मध्यंतरापर्यंत वर गेलाच नाही. त्यात एक माशी शिरली, सगळीकडे हिंडली आणि कंटाळून बाहेर आली, असं पुढच्या बाकांवरचे लोक आजही बायबलवर हात ठेवून सांगतात.

वर्ल हा पाइन लेव्हीच्या अमेरिकन फुटबॉल संघात बचावाच्या पुढच्या रांगेचा कोच. समोरच्या संघाचे पाच धिप्पाड गडी बोटं गवतात रोवून वाकतात, त्यांच्या नाकाला नाक भिडवून बसणारी चार पोरं ती याची. एकतीस वर्षं हेच काम, आणि तेवढ्यात मिसिसिपीपासून टेक्ससपर्यंत अकरा कॉलेजं झाली. मुख्य कोचला हाकललं की त्याच्या शेपटाला बांधलेले सगळे सहायकही जातात, ही या धंद्याची रीत. एकदा तर नव्या गावी ट्रकमधून पलंग उतरवतानाच बातमी आली. वर्लने ट्रकवाल्याला इंजिनसुद्धा बंद करू दिलं नव्हतं.

आज सकाळी त्याची बायको ओनीटा बशीत अंडी वाढता वाढता म्हणाली होती, "वर्ल, ऐक. आज हरलात तर तुमच्या मुख्य कोचला, हॉयटला, काढणार. माझ्या दुकानात केस कापायला येणाऱ्या सगळ्या बायका तेच बोलतायत. मग तू खुशाल जा बाराव्या गावाला. मी येणार नाही."

"येणार नाही म्हणजे?"

"म्हणजे येणार नाही. माझं दुकान इथं आहे, चर्चमधल्या माझ्या मैत्रिणी इथं आहेत. पस्तिशीत पलंग उचलला, आता साठीत नाही उचलणार."

"अगं, पण हरतंय कोण?"

"हे तू आजवर अकरा वेळा विचारलंयस."

वर्ल हसत हसत मैदानावर आला होता. त्याच्याकडे विद्या होती ना! समोरचा गडी मुसंडी मारून धावणाऱ्याला वाट काढून देणार असेल, तर सगळा भार पुढे टेकलेल्या हातावर टाकतो. मग नखांतलं रक्त सरतं आणि नखं पांढरी पडतात. चेंडू हवेतून फेकायचा असेल तर त्याला मागे सरायचं असतं, तेव्हा हात नुसता टेकवलेला, नखं गुलाबी. वर्लने ही विद्या इतकी मुरवली होती, की चर्चमध्ये पाद्रीबुवांनी समोरच्या फळीवर बोटं टेकवली की प्रवचन किती लांबणार हे तो बायकोच्या कानात सांगायचा. ते पाच मिनिटं इकडे-तिकडे झालं तर तो पाद्रीबुवांचा दोष.

आणि आज? समोर कॅटल्पा फॉल्स कॉलेज, शंभर वर्षांचं जुनं वैर. त्यांच्या पाचही गड्यांची नखं दर वेळी पांढरीफेक. वर्लची पोरं शिकवल्याप्रमाणे खाली झुकून घुसायची, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून पाखरासारखा निघून जायचा. एकदा, दोनदा, अठरा वेळा.

मध्यंतराला खोलीत मुख्य कोच हॉयट ब्रॅन्यन भिंतीकडे तोंड करून उभा होता. वर्लचा मधला गडी कॉर्डेल मिम्स बाकावर बसला, आणि बाक कण्हलं.

"कोच, एक सांगू? रागावू नका."

"बोल रे बाबा."

"त्यांनी नखांना रंग लावलाय."

"कसला रंग?"

"नेलपॉलिश, सर. माझी बहीण लावते तसलं. हे बघा, माझ्या बाहीला पुसलं गेलंय."

बाहीवर खरंच पांढरा चकचकीत ओरखडा होता. वर्लने नख लावून पाहिलं, वास घेतला. दीडशे किलोची पाच दांडगी पोरं रांगेत बसून, बोटं फाकवून, फुंकरा मारत नखं वाळवतायत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"पण त्यांना कळलं कसं?" तो ओरडला. "एकतीस वर्षांत मी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही! कोण फुटलं?"

टॉवेल वाटणारा म्हातारा ओडेल खाकरला. "वर्ल, बुधवारी रेडिओवर कोण गेलं होतं?"

वर्लने टोपी डोळ्यांवर ओढली.

दर बुधवारी कॅटफिशच्या खाणावळीतून मुख्य कोचचा कार्यक्रम रेडिओवर चालायचा, आणि लोक फोनवर प्रश्न विचारायचे. या बुधवारी हॉयटचा घसा बसला म्हणून वर्लला पाठवलं होतं. तो माशाचा घास तोंडात धरूनच बसला होता, कारण पुढच्या रांगेच्या कोचला आजवर कुणी काही विचारलेलं नव्हतं. आणि फोन आला. मिस अल्थिया म्हणून कुणी म्हातारी. "बाळा, मी चौऱ्याऐंशी वर्षांची. आता थोडेच दिवस राहिलेत. तुमची पोरं आधीच कसं ओळखतात, एवढं कळलं की सुखानं डोळे मिटेन."

"आणि तू सांगितलंस," ओडेल म्हणाला. "बावीस मिनिटं. मध्ये जाहिरातीसुद्धा लागू दिल्या नाहीस."

"म्हातारी बाई होती रे! मरणाला टेकलेली!"

"मरणाला कसली टेकतेय? आज पहिल्या रांगेत बसून उकडलेल्या शेंगा खातेय. त्यांच्या कोचची, डॉयल पिकन्सची आई आहे ती."

हॉयटने भिंतीकडून तोंड वळवलं. बसलेल्या घशातून त्याचा आवाज निघेना, आणि तेच बरं झालं.

वर्ल पाण्याच्या पिंपावर बसला. एकतीस वर्षांत एकाच बाईने त्याला प्रश्न विचारला, आणि ती शत्रूची आई निघाली. ओनीटाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तो ताडकन उठला.

"पोरांनो, नखं बघायची नाहीत."

"सर, ते होणार नाही," कॉर्डेल म्हणाला. "तीन वर्षं तुम्ही डोक्यात तेच भरलंत. मी हल्ली आईशी बोलतानाही नखंच बघतो."

"मग डोळे मिटा."

"काय?"

"मिटा म्हणतोय ना! अंगाला जे लागेल त्याला ढकला, आणि त्याच्या हातात चेंडू असेल तर वर बसा."

"आणि रेफरी लागला तर?"

"आवाजावरून कळेल. तो कुरकुर करतो."

उरलेल्या तीस मिनिटांत काय झालं ते पाइन लेव्हीत कुणालाही विचारा. प्रत्येक जण वेगळं सांगेल आणि सगळंच खरं. चार आंधळे बैल सुटले. चेंडू फेकणाऱ्या पोराला त्यांनी नऊ वेळा झोपवलं, एकदा चुकून त्यांच्या ढोलवाल्यालाही. कॅटल्पा फॉल्सला पुढे एकही गुण मिळाला नाही. इकडे पाइन लेव्हीचे गुण वाढत वाढत तेवीस झाले. शेवटच्या एका गुणासाठी चेंडूला मारलेली लाथ दोन खांबांमधून सरळ गेली असती तर बरोबरी होती. ती खांबाला लागली.

चोवीस-तेवीस.

रविवारी चर्चनंतर सगळ्या कोचांना बोलावणं आलं. क्रीडा संचालक डॉ. लेडबेटर चष्मा लावून काढलेल्यांची यादी वाचू लागले. हॉयट ब्रॅन्यन. मग एकेक सहायक. नाव आलं की माणूस मान खाली घालायचा. वर्लने मान आधीच घातली होती. नऊ नावं झाली, आणि लेडबेटरांनी कागदाची घडी घातली.

त्याचं नावच नव्हतं.

झालं होतं असं, की ऑफिसातल्या बाईंनी यादी संघाच्या फोटोवरून केली होती. फोटोत वर्ल होता, पण त्याच्या पुढे कॉर्डेल उभा होता.

"कुणी राहिलं का?" लेडबेटरांनी विचारलं.

वर्ल उठला. ज्याने सामना घालवला त्यालाच वगळायचं? हे त्याला गिळता येईना. तो तोंड उघडणार, तोच शेजारच्या हॉयटने त्याचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं.

"काही नाही, डॉक्टर," हॉयट घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्याच्या पायात गोळा आलाय."

आणि मग ओठ न हलवता वर्लला, "आता तरी तोंड मिट, गाढवा. ओनीटाला माझा नमस्कार सांग."

वर्ल घरी पोचला तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर एकच सुटकेस होती, आणि ओनीटा तिच्यात फक्त त्याचे शर्ट भरत होती. तिचे डोळे लाल होते, पण हात थांबत नव्हते.

"राहू दे," वर्ल म्हणाला. "मला काढलं नाही."

तिच्या हातातला शर्ट गळून पडला. "खोटं."

"देवाशप्पथ."

"सगळ्यांना काढलं, आणि तुला ठेवलं? तुला?"

"ठेवलं असंही नाही. विसरले."

ओनीटा सुटकेसचं झाकण पाडून त्यावरच बसली. "किती दिवस?"

"त्यांच्या लक्षात येईपर्यंत."

मग ती उठली, सुटकेस उघडली, आणि उद्यापुरता एक शर्ट बाहेर काढला.