दस्तगीर पेंटरचा मोर

सांगलीच्या जैनुद्दीन पेंटरनं आयुष्यात दुकानांच्या इतक्या पाट्या रंगवल्या होत्या, की बाजारातून चालताना त्याला आपलंच अक्षर वाचत जावं लागे. फ्लेक्स आला आणि वाचन थांबलं. त्यामुळे जुनी भित्तिचित्रं तपासणाऱ्या साताऱ्याच्या अश्लेषा मॅडम "चाचा, एका मशीनला रंग शिकवायचेत" म्हणाल्या, तेव्हा तो लगेच तयार झाला. माणसं शिकायला येत नव्हती. मशीन तर मशीन.

वाईजवळच्या एका कृष्णमंदिराच्या भिंतीवर दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं होती. मधल्या काळात कुणीकुणी त्यांवर हात फिरवला होता. मूळचं कुठलं आणि मागाहूनचं कुठलं, हे अश्लेषाचा कॅमेरा आणि संगणक मिळून सांगणार होते. प्रत्येक रंग उजेड आपापल्या तऱ्हेनं परत फेकतो. संगणकाला ओळखीचे नमुने दाखवले की तो भिंतीवर तसलेच हुडकतो. जुन्या पद्धतीच्या रंगांचे साठ नमुने जैनुद्दीननं पुठ्ठ्यावर काढून दिले, वडिलांनी शिकवले तसे डिंकात घोटून. वडिलांच्या आधीचं जुनं त्याला तरी कुठं ठाऊक होतं? अश्लेषानं त्यांवर 'मूळ' असं लिहिलं, बाजारच्या डब्यांतल्या रंगांवर 'नंतरचे', आणि मशीन शिकलं.

महिन्याभरानं देवळात निकाल लागला. सगळी भिंत नंतरची निघाली. मूळ फक्त एक, डाव्या कोपऱ्यातला मोर.

देवस्थानचे अध्यक्ष नानासो लॅपटॉपवर वाकले.

"म्हंजे किस्नदेव डुप्लिकेट?"

"मशीन तसं म्हणतंय," अश्लेषा म्हणाली.

"आन् मोर खरा?"

"सत्त्याण्णव टक्के."

"मग मोराला काच बसवा. बाकीचं खरवडून काढा, खाली काय निघतंय बघू." आरतीत मोराचं नाव कुठं बसवावं, याचा त्यांना आत्तापासूनच घोर लागला.

"मला खटकतंय," अश्लेषा म्हणाली. "पण नुसत्या खटकण्यावर अहवाल लिहिता येत नाही."

जैनुद्दीननं मोराचा डोळा ओळखला होता. तोच डोळा आष्ट्याच्या पशुखाद्याच्या दुकानावर म्हशीला होता. वाघ असो, म्हैस असो, अब्बा एकच डोळा काढत. गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती. पुढं ते दुकान गेलं, म्हैस गेली. अब्बांच्या हातची आता कुठं एक रेघसुद्धा उरली नव्हती. उरला होता हा मोर, आणि त्याला काच मिळत होती. त्यासाठी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि त्याला काही प्रशिक्षण लागत नाही.

त्यानं नजर दुसरीकडं वळवली, तर ती कृष्णाच्या बोटांवर पडली. बासरीवरची पाच बोटं, एका श्वासात ओढलेली. कुठं थांबलेली नाही, कुठं गिरवलेली नाही. ही रेघ आपल्याला जमली नसती. मग त्याला वाटलं, अब्बांनाही नसती जमली. बापाविषयी एवढं कबूल करायला त्याला वयाची बासष्ट वर्षं लागली. ही बोटं आता खरवडली जाणार होती. ज्यानं ती काढली त्याचाही कुणी पोरगा असेल, पण तो बोलायला इथं नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "मशीनचं काय चुकलं न्हाई. मास्तर चुकला."

"म्हणजे?"

"ह्यो मोर आमच्या अब्बांचा हाय, दस्तगीर पेंटरचा. मी तुमाला त्यांचेच रंग घोटून दिले. मशीननं बराबर त्यांनाच हुडकलं, बाकीचं परकं ठरवलं."

"पण मोराचा हा निळा?"

"कापडाची नीळ. अम्मीच्या पुडीतली. अम्मी लय वरडायची."

अश्लेषा पायरीवर बसली. "हे मी आधी विचारायला हवं होतं."

"मी सांगाय हवं हुतं."

"म्हंजे देव खरा?" नानासोंनी विचारलं.

"लय खरा."

नानासोंनी मोराकडं पाठ केली आणि देवाला हात जोडले.

अश्लेषानं काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवला आणि ती मोरापाशी आली. "डिंकातला रंग पाण्यानं निघतो. खालचा चुन्यात मुरलेला, तो हलणार नाही. खाली जुनं काही असलं, तर वरचं काढावं लागेल, चाचा."

"काढायचंच तर मी काढतो."

त्यानं मानेपाशी नखाएवढी जागा पुसली. कापूस निळा झाला. खालून फिकट हिरवी मान वर आली. आणखी थोडं पुसल्यावर त्याचा हात थांबला. जुन्या मानेची रेघ अब्बांच्या रेघेखालूनच जात होती, तंतोतंत. अब्बांनी नवा मोर काढलाच नव्हता. विझत चाललेल्या मोराचं बोट धरून ते पुढं चालले होते.

कापूस बदलत बदलत तो पोटापर्यंत आला. तिथं मात्र जुनी रेघ चांगली चार बोटं बाहेर निघाली.

"ह्यो जुना जरा जाडाच हुता की," नानासो म्हणाले.

"व्हय," जैनुद्दीन म्हणाला. "अब्बांनी त्याला बारीक केला हुता. त्यांना वाटलं आसंल, एवढ्या वर्साचा उपाशी हाय."

आणि नवा कापूस घेऊन तो पिसाऱ्याकडं वळला.